डावीकडं दोन पावलं

भूत, आत्मा असले विषय निघाले की मी उठून चहा ठेवायला जाते... इतका माझा अविश्वास. माझं कामच आकड्यांचं. शेतात टाकलेला युरिया, फवारणीची औषधं मातीतून झिरपत भूजलात कधी आणि कुठे पोहोचतील, याचं कॉम्प्युटर मॉडेल मी बनवते.

गेल्या वर्षी काम निघालं ते माझ्याच गावात — बालाघाट जिल्ह्यात, रामपायलीजवळ. बाबा जाऊन तीन वर्षं झाली होती. आमचं धानाचं शेत आता काकी बघते. बांधापलीकडे तिची विहीर. घरातले सगळे तेच पाणी पितात. तिची सून सोनाली सातव्या महिन्यात, म्हणून मला त्या पाण्याचा जरा जास्तच घोर. मॉडेल मात्र निर्धास्त होतं — खाली जाड चिकणमाती, युरियापासून बनणारं नायट्रेट विहिरीपर्यंत जायला कितीतरी वर्षं लागतील.

खात्रीसाठी हाताच्या गिरमिटाने पाच ठिकाणी माती काढली. पाचही ठिकाणी चिकणमातीच. सकाळचे अकरा वाजले असतील. सामान आवरत होते, तोच अगदी पाठीशी आवाज आला —

"चिमे, डावीकडं सरक. दोन पावलं."

मला चिमी फक्त बाबा म्हणायचे.

वळून पाहिलं. कोणी नाही. काकी लांब, विहिरीवर. भीती नाही वाटली, खरंच... डोळे पुसले. मुकाट्याने दोन पावलं सरकले, गिरमिट फिरवलं. हातभर खाली — वाळू! नदीत असते तशी, भरड, पाणी झरझर वाहू देणारी.

काकी जवळ आली. "काहून रडून राह्यली व, माय?"

मी मूठभर वाळू दाखवली.

"हौ, इथून नाला वाहे, सीधा विहिरीकडं. तुह्या बाबानं बुजवला, तू झाली नव्हती तवा." मग म्हणाली, "आत्ता कोणासंग बोलत होती? बाप्या माणसाचा आवाज आला मले..."

मी बाटली घेऊन विहिरीकडे गेले.

पाणी तपासलं. नायट्रेट मर्यादेच्या कितीतरी वर. त्याच दिवसापासून प्यायचं पाणी गावातल्या हातपंपावरून येऊ लागलं. सोनालीची मुलगी आता रांगते.

सहकारी म्हणतात, लहानपणी नाल्याचं कधीतरी कानावर पडलं असेल. असेलही... पण मग काकीने काय ऐकलं? मला खरंच माहीत नाही.

रिपोर्टमध्ये प्रत्येक माहितीपुढे ती कोणाकडून मिळाली, ते लिहावं लागतं. वाळूच्या पट्ट्यापुढे बराच वेळ अडले. शेवटी लिहिलं — 'स्थानिक शेतकरी'.