वक्ता दोन

आधीच सांगून टाकते, म्हणजे कमेंटमध्ये कुणी मला उतारा सुचवायला नको. असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. रस्त्यात पडलेल्या लिंबावरून मी खुशाल स्कूटी घालते. सोलापुरातल्या एका दैनिकाच्या पुरवणीत नाटकं, गाण्याच्या मैफली, चित्रप्रदर्शनं यांवर लिहिते, आणि भुताचं नाटक वाईट बसवलं असेल तर भुतालाही सोडलेलं नाही.

जुळे सोलापूर भागात दुसऱ्या मजल्यावर एकटीच राहते. लग्न केलं नाही, त्याचं दुःखही नाही... पण एकटं पडणं म्हणजे काय, ते मला बशीरभाई गेल्यावर कळलं.

बशीरभाई आमच्या पेपरचे फोटोग्राफर. फोटोग्राफरची रीत अशी, की पहिल्या प्रवेशात चार फोटो काढायचे आणि पुढच्या कार्यक्रमाला पळायचं. हे पळायचे नाहीत. फोटो झाले की अंधारात चाचपडत माझ्या शेजारी येऊन बसायचे. त्यांच्यासाठी शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून मी जागा धरायची, हे ठरलेलं. नाटक संपलं की बाहेर गाडीवर चहा, आणि चहाबरोबर त्यांचा एकच प्रश्न. "ताई, आँख में पानी आया क्या नै? झूट नक्को बोलो." मी नेपथ्य, प्रकाशयोजना असलं काही सुरू केलं की म्हणायचे, "वो सब पेपर में लिखो. मेरेकू पानी का बोलो." त्या उत्तरापासून माझं परीक्षण सुरू व्हायचं.

मागच्या उन्हाळ्यात ते हार्ट अटॅकनं गेले. पेपरनं त्यांच्या जागी कुणाला घेतलं नाही. फोटो आता नाटकवालेच व्हॉट्सॲपवर पाठवतात. मी मात्र पर्स शेजारच्या खुर्चीवरच ठेवत राहिले. कुणी "इथं कुणी आहे का?" असं विचारलं की तोंडातून "येतायत" निघून जायचं. मग स्वतःचीच लाज वाटायची.

खरं सांगायचं तर त्यानंतर मला नाटक दिसेनासंच झालं. डोळे बघायचे, पण आत काही जायचं नाही. सदर सोडून द्यावं असं मनात घोळत होतं, तेवढ्यात ऑफिसात एआयचं ट्रेनिंग आलं. संपादक म्हणाले, "ताई, शिकून घ्या की. लई सोपं आहे. तुम्ही नुसतं बोलायचं, बाकीचं ते करतंय." ऑनलाइन शिकवणाऱ्या रेवती मॅडमनी सांगितलं ते असं — नाटक बघून आल्यावर मनात येईल ते फोनमध्ये रेकॉर्ड करायचं. एआय त्याचा मजकूर करून देतं. मुलाखत असेल तर कोण काय बोललं तेही वेगळं दाखवतं, वक्ता एक, वक्ता दोन असं. मग त्या मजकुरावरून परीक्षणाचा खर्डा मागायचा. मला वाटलं, बरं झालं... आता मला काही वाटलं नाही तरी परीक्षण छापून येईल.

हौशी स्पर्धेतलं एक नाटक होतं, बंद पडलेला यंत्रमाग विकायला काढणाऱ्या दोन भावांचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जेवणाच्या टेबलाशी बसले. आवाज नको म्हणून पंखा बंद, खिडक्या बंद. घरात माझ्याशिवाय कुणी नाही. नेहमीची वाक्यं बोलले — संहिता सशक्त, धाकट्या भावाची भूमिका लक्षणीय, प्रकाशयोजना पूरक. रेकॉर्डिंग बंद केलं, फाइल टाकली आणि चहा करायला उठले.

कप घेऊन परत आले, मजकूर वाचू लागले. प्रकाशयोजनेच्या वाक्याखाली होतं —

वक्ता दोन: ताई, पानी आया क्या नै? झूट नक्को बोलो.

वक्ता एक: नाही आलं. मी नाटक बघतच नव्हते. शेजारची खुर्ची बघत होते. तुम्ही गेल्यापासून मी एकही नाटक बघितलेलं नाही.

मी असलं काही बोललेच नव्हते... निदान मला तसं आठवत नव्हतं. रेकॉर्डिंग लावलं. प्रकाशयोजना पूरक — मग शांतता. एखादा माणूस एक प्रश्न विचारेल एवढी. आणि मग माझाच आवाज, "नाही आलं." रडवेला वगैरे नाही, चहाच्या गाडीपाशी बोलायचे तसा साधा. पुढची वाक्यंही जशीच्या तशी होती. प्रश्न तेवढा ऐकू येत नव्हता. फोन कानाला दाबून ऐकलं. नाहीच.

बसल्या जागी रडले. भीती वाटली का? खोटं कशाला बोलू, आनंद झाला. आणि त्या आनंदाचीच भीती वाटली.

रेवती मॅडमना फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "होतं असं ताई. रेकॉर्डिंगमध्ये गॅप आली की ते आपल्या मनानं काहीतरी भरतं. तुमचं उत्तर पुढे होतंच, त्यावरून प्रश्न तयार केला असेल." पटण्यासारखं होतं. पण मराठीवर लावलेल्या मशीनला ही सोलापूरची दखनी कुठून सुचली? बशीरभाईंचा तो पाण्याचा प्रश्न मी आजवर कुठंही लिहिलेला नाही. आणि मुळात मी उत्तर दिलं ते कुणाला? यावर त्या एवढंच म्हणाल्या, "तुम्ही थोडी विश्रांती घ्या."

ते बशीरभाईच होते का, हे मला कळायलाच हवं होतं. विचारता येईल असं एकच माणूस होतं — त्यांच्या पत्नी, नसीमभाभी. इथल्याच विजापूर वेशीतल्या घरात त्याही आता एकट्याच असतात. मुली लग्न होऊन हैदराबादला. भाभींना मराठी वाचता येत नाही, म्हणून मी वाचून दाखवलं.

"फिरसे पढो," त्या म्हणाल्या. मी पुन्हा वाचलं.

"उनोच है. पिक्चर देखके आए तो मेरेकू बी येच पूछते थे." मग ओढणी सारखी करत हळूच म्हणाल्या, "ताई... मेरा कुछ पूछे क्या?"

मी फोनकडे बघत राहिले. हो म्हणावंसं फार वाटलं. पण भाभींच्या डोळ्यांत बघून खोटं बोलवेना. मी नाही अशी मान हलवली.

"कुछ नै," त्याच मला समजावायला लागल्या. "काम पे गए तो उनकू घर कब याद रहता था."

सदर मी सोडलेलं नाही. स्पष्टीकरण माझ्याकडे आजही नाही. तुमच्यापैकी कुणाकडे असेल तर जरूर लिहा, फक्त भाभींपर्यंत ते जाऊ देऊ नका. रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाते. आम्ही पंखा बंद करतो, रेकॉर्डिंग लावून मध्ये फोन ठेवतो. मी अधूनमधून हं हं करते, भाभी बोलत राहतात — मुलींचं, गुडघ्याचं, संपलेल्या सिलिंडरचं — आणि मध्येच थांबतात, समोरच्याला बोलायला जागा सोडावी तशा. मग मी फाइल टाकते आणि त्या माझ्या तोंडाकडे बघत बसतात. अजून तरी मजकुरात दोनच वक्ते असतात... एक भाभी, एक मी.