मामाचा आवाज, आईची साखर

आमच्या मामाला आवाज मिळाला आणि बाकीचं काही मिळायचं राहून गेलं. हे मी त्याच्या तोंडावरही बोलले आहे. तो हसला, कारण वाक्याचा पहिला अर्धा भागच त्याने ऐकला होता.

आवाज मात्र खरोखर तसा आहे. खोल, संथ, शेवटाला जरा घोगरा. फोनवर नुसतं 'हं' म्हणाला तरी पलीकडचा माणूस सावरून बसतो. धोब्याकडे टाकलेल्या कपड्यांचा हिशोब त्याने वाचून दाखवला तरी कुणाचं तरी मृत्युपत्र वाचतोय असं वाटावं. स्टुडिओत सगळे त्याला 'खर्ज' म्हणायचे, आणि हे आपलं नाव तो घरीही मोठ्या ऐटीत सांगायचा. जाहिराती, माहितीपट, लिफ्टमधलं 'दार बंद होत आहे', जे येईल ते काम तो घ्यायचा. भिंतींना स्पंज लावलेली कपाटाएवढी खोली, एक उंच स्टूल, कोमट पाण्याचा पेला आणि समोर कागद. वाचून झालं की तो बाहेर येई, आणि आत्ता काय वाचलंस म्हणून विचारलं तर त्याला ते सांगता येत नसे. याचीही त्याला शेखी होती. "मी अर्थात शिरत नाही," तो म्हणायचा. "अर्थात शिरलं की सूर बिघडतो."

असा हा माणूस डॉक्टर झाला तो एका भुकटीमुळे.

कुठल्याशा कंपनीने मधुमेहावरची भुकटी काढली होती आणि ती विकायला व्हिडिओ बनवले होते. पडद्यावर गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला पांढऱ्या कोटातला जो माणूस दिसायचा, तो कंपनीच्या गोदामाचा व्यवस्थापक होता. त्याचा आवाज चिरका, म्हणून मागून बोलायला मामा. 'मधुमेह हा आजार नाही, तो एक धंदा आहे,' अशी सुरुवात. पुढे गोळ्यांनी मूत्रपिंडं कशी सडतात, इन्सुलिन म्हणजे जन्मठेप कशी, आणि धाडस करून हे सगळं फेकून दिलेले लोक आज डोंगर कसे चढतात. मग आपली भुकटी, आणि खाली ती मागवायचं बटण. धंद्याला शिव्या घालून झाल्यावर लगेच दुकान उघडायचं, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. खाली हजारो लोकांनी हात जोडल्याची चिन्हं टाकली होती.

त्या हजारोंत माझी आई आली.

आई मामाची थोरली बहीण. जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. नकाशात नदी चुकीच्या बाजूने वळवली म्हणून मुलांच्या वह्या परत करणारी बाई. मधुमेह तिला बऱ्याच वर्षांपासून. सकाळी गोळ्या, रात्री इन्सुलिन, आणि कधी फारसा बोभाटा नाही. शेजारणीने तो व्हिडिओ मोबाइलवर पाठवला तेव्हा आईने पहिल्याच वाक्याला आवाज ओळखला. तिने लगेच मामाला फोन लावला. हे खरं आहे का, एवढंच तिने विचारलं, असं ती नंतर म्हणाली.

मामाने तेव्हा सरळ सांगायला हवं होतं की बाई गं, मला कागद देतात, मी वाचतो. पण लहानपणापासून त्याच्या प्रगतिपुस्तकावरून त्याला फैलावर घेणारी बहीण आयुष्यात पहिल्यांदा त्याला आदराने काहीतरी विचारत होती. ती चव त्याला सोडवेना. तो म्हणाला, ते लोक पुष्कळ अभ्यास करून लिहितात, ताई. इतकंच. खोटं बोलायलाही माणसाला थोडी मेहनत पडते. मामाला तेवढीही पडली नाही.

आईने भुकटी मागवली, गोळ्या बंद केल्या, इन्सुलिन बंद केलं आणि कुणाला कळू दिलं नाही. मी गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते, सुट्टीच्या दिवशी तिच्याकडे जाते. मला ती खूश दिसायची. कपडे ढगळ व्हायला लागले होते, ते ती मला कौतुकाने ओढून दाखवायची. वजन उतरणार, हे व्हिडिओत सांगितलेलंच होतं: शरीरातलं विष निघून जातंय. तहान लागणार, तीही चांगलीच: विष धुतलं जातंय. थकवा आला तर समजा भुकटी मुळापर्यंत पोचली. आजार बळावल्याची जेवढी म्हणून लक्षणं, तेवढी सगळी त्यांनी आधीच बरं होण्याच्या खात्यात टाकून ठेवली होती. साखर लघवीवाटे वाहून जात होती, शरीर स्वतःचंच मांस जाळत होतं, आणि माझी शिकलेली आई आरशासमोर उभी राहून त्याचं समाधान मानत होती.

मी चष्म्याच्या दुकानात काउंटरवर काम करते. एक दिवस आई तिथे आली. फळ्यावरचं, म्हणजे आता टीव्हीवरचं, तिला धूसर दिसत होतं. आमच्याकडे डोळे तपासणारा गृहस्थ अबोल आहे. त्याने नंबर काढला, तो बराच बदललेला निघाला. त्याने चष्मा करायला घेतला नाही, आठवड्याने परत बोलावलं. परत तपासलं तर नंबर तिसराच. मग त्याने मला आतल्या बाजूला बोलावून विचारलं, की आईंची साखर कशी आहे. साखर अशी वरखाली होत असेल तर डोळ्यातलं भिंगही बदलत राहतं, आधी ते बघा, म्हणाला.

मी तशीच तिला घेऊन घरी गेले. साखर मोजायचं मीटर कपाटाच्या मागे गेलेलं. बोट टोचलं, पट्टीवर थेंब घेतला. आकडा आलाच नाही. इंग्रजीतली दोन अक्षरं आली, एच आणि आय. आई म्हणाली, बिघडलंय, कधीपासून पडून आहे. आणि तेवढ्यात काय वाटलं कोण जाणे, तिने मामाला व्हिडिओ कॉल लावून ते त्याला दाखवलं.

"ताई, मशीन तुला हाय म्हणतंय," मामा म्हणाला, आणि त्या सुप्रसिद्ध आवाजात पोटभर हसला.

मी डबीतला कागद उलगडून वाचला. ती अक्षरं आली तर साखर मशीनला मोजता येणार नाही इतकी वर गेलेली आहे, ताबडतोब डॉक्टरांकडे जा, असं त्यात लिहिलं होतं. मी फोन कट केला.

इस्पितळात तिला लगेच सलाइन आणि इन्सुलिन सुरू केलं. शरीर कोरडं ठणठणीत पडलंय, आणखी थोडं थांबला असतात तर बेशुद्धीतच आणावं लागलं असतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्या कुणावर चिडल्या नाहीत. अशी माणसं त्यांच्याकडे रोज येत असावीत.

दुसऱ्या दिवशी मामा आला. मधुमेहाच्या रुग्णाला भेटायला येताना त्याने द्राक्षांची करंडी आणली होती. ती त्याने टेबलावर अशा जागी ठेवली की येणाऱ्याजाणाऱ्याला दिसावी, मग खुर्ची ओढून बसला आणि खोलीतल्या इतर रुग्णांना ऐकू जाईल अशा बेताने आईची चौकशी केली. जेवणं आली तेव्हा त्याने आपला डबा काढला. डबा उघडण्याआधी खिशातून एक पट्टी काढली, गोळी दाबून बाहेर घेतली आणि पाण्याबरोबर गिळली. सवयीचा हात होता. आपण कुठे बसलोय याचंही त्याला भान राहिलं नाही.

आईला तेव्हा धड दिसत नव्हतं. पण त्या पट्टीचा आवाज तिने इतकी वर्षं रोज सकाळी ऐकला होता, रंग पाहिला होता.

"ती गोळी कसली रे?" तिने विचारलं.

"ही होय? अशीच. थोडी साखर निघालीय मला."

"कधी निघाली?"

"झालं वर्षभर."

"म्हणजे तो व्हिडिओ करायच्या आधीपासून तू घेतोस."

मामाने डब्याचं झाकण परत लावलं. "ताई, ते काम होतं गं. आणि लोक काय, ऐकतात ते सगळं खरं मानतात का?"

"मी मानलं," आई म्हणाली.

खर्जाने लावलेलं झाकण पुन्हा घट्ट दाबलं. बिनकागदाचं त्याला कधी काही सुचतच नाही.

संध्याकाळी एक ठेंगणीशी बाई कापडी पिशवी घेऊन आली. ती मधुमेह शिक्षिका. तिचं काम म्हणजे रुग्णांना या आजाराबरोबर राहायला शिकवणं: सुई कशी धरायची, पावलं कशी तपासायची, ताटात काय किती घ्यायचं. तिने आईला रागावून काही विचारलं नाही. काय पाहिलंत ते दाखवा, म्हणाली. आईने ओशाळून तो व्हिडिओ लावला. बाईने तो थांबवून एकेक प्रश्न विचारला. हे बोलतायत ते कोण, त्यांचं नाव कुठे आहे? हे कधी लिहिलंय? खाली काय विकतात? आणि चालू औषध तुमच्या डॉक्टरांना न विचारता बंद करा, असं सांगणारा तुमचा कोण लागतो? शेवटच्या प्रश्नावर आईने मामाकडे बघितलं नाही. मी बघितलं.

मग शिक्षिकेने इस्पितळाचं स्वतःचं पान उघडून दाखवलं. करड्या रंगाचं, रुक्ष. डोंगर नाही, हसणारं म्हातारं जोडपं नाही. खाली लिहिणाऱ्यांची नावं, शेवटचं कधी तपासलं ती तारीख, कशाच्या आधारावर लिहिलं ते. मधे मधे चक्क 'याबाबत अजून पुरेसा पुरावा नाही' असं लिहिलेलं. आईला नेमकं तेच पटलं. तिची कळी पहिल्यांदा जरा खुलली.

मामाला गप्प बसवेना. एवढं चांगलं पान, पण कोण वाचणार, मी याला आवाज देतो, फुकट देतो, असं त्याने मोठ्या मनाने जाहीर केलं. शिक्षिका म्हणाली, वाचा बरं. त्याने मोबाइल हातात घेतला, घसा साफ केला आणि आजारी पडल्यावर काय करावं हा भाग वाचला. वाचलं मात्र अप्रतिम. आजूबाजूच्या खाटांवरच्या माना वर झाल्या. सलाइन बदलणारी परिचारिका थांबली.

"छान," शिक्षिका म्हणाली. "आता सांगा, ताप आलाय, जेवण जात नाही. इन्सुलिन बंद करायचं का?"

मामाने पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. शिक्षिकेने तो हळूच काढून घेतला.

"करायचं... म्हणजे, जेवलंच नाही तर..." मामा थांबला.

"आपल्या मनाने बंद करायचं नाही," आई खाटेवरून म्हणाली. "साखर पुन्हा पुन्हा तपासायची, आणि डोस किती घ्यायचा ते डॉक्टरांना विचारायचं."

शिक्षिकेने मान डोलावली. आवाजाचं नंतर बघू, असं मामाला म्हणाली आणि पुढच्या खाटेकडे गेली. ते 'नंतर' काही उगवलं नाही.

मामा पुढे त्या शिक्षिकेच्या मधुमेहाच्या वर्गाला जायला लागला, हे मला मान्य करावं लागेल. पहिल्या रांगेत बसतो आणि प्रश्न विचारताना भाषण करतो. कंपनीला त्याने व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं. त्यांनी कळवलं, की त्याने सही केलेल्या कराराप्रमाणे आवाज आता त्यांचा आहे. तो करारही त्याने वाचला नव्हता; मोठ्याने वाचायला कुणी सांगितलं नसेल. थोड्या दिवसांनी नवे व्हिडिओ आले, गुडघेदुखीवर, रक्तदाबावर. आवाज मामाचा, पण मामा त्या स्टुडिओत फिरकलाही नव्हता. मशीनने बनवला होता. मामाने खाली लिहिलं आणि स्वतः बोलून एक व्हिडिओही टाकला, की हा माझा आवाज आहे आणि हे सगळं खोटं आहे, औषधं बंद करू नका. भक्तांनी त्याचीच खरडपट्टी काढली. एकाने लिहिलं, तुझा आवाज कुठे आणि डॉक्टरसाहेबांचा कुठे.

हे सांगायला तो आमच्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. मला वाटलं, लोक फसतायत याचं त्याला वाईट वाटतंय. तर त्याचं दुःख हे, की त्याचा आवाज लोकांना ओळखू आला नाही.

आईचे डोळे साखर ताळ्यावर आल्यावर महिनाभराने स्थिरावले, मग तिचा चष्मा झाला. उजव्या पायाच्या अंगठ्याला अजून स्पर्श नीट कळत नाही. तो कळेल की नाही, हे कुणी छातीठोक सांगत नाही, आणि तिला आता ते बरंच वाटतं. मामाशी तिने अबोला धरला नाही. पाठचा भाऊ आहे, जाणार कुठे. त्याचे फोन येतात. कुठल्याशा झाडाचा पाला, कुठलंसं पाणी, काहीतरी नवं त्याच्या कानावर आलेलं असतं, आणि तो आपल्या त्या भारदस्त आवाजात सुरू होतो.

"कुणी लिहिलंय?" आई विचारते. "कधी? आणि काय विकतात?"

पलीकडे मामा मोबाइल खालीवर सरकवत असतो. थांब, बघतो, म्हणतो, आणि बऱ्याचदा त्या दिवशी पुन्हा फोन करत नाही.