संघाच्या परवानगीनं

नाशकात इंग्रजांच्या फौजेचे घोडे बांधायची एक सरकारी जागा होती. लोक तिला घोडतळच म्हणत. इंग्रज गेल्यावर तिथं जुन्या भुसार व्यापारी संघानं भाडेपट्ट्यानं गोदाम बांधलं. पट्टा कधीच संपला, पण संघ हलला नाही. गोदामापुढच्या मोकळ्या पट्टीत मखमलाबादकडच्या माळणी फुलं आणि भाजी विकत. अगदी रस्त्याच्या तोंडाशी यशोदाबाईची फुलांची पाटी असे. ती बसायची जागा तिच्या सासूची. सासू तिथं बसायला लागली तेव्हा गोदामाचा पायाही खणलेला नव्हता.

संघाचे अध्यक्ष गोटीरामशेठ अमृतकर बोलायला गोड माणूस. यशोदाबाईच्या नवऱ्याला भर बाजारात झटका आला, तेव्हा शेठनं स्वतःच्या गाडीत घालून त्याला सिव्हिलला नेलं होतं. नवरा वाचला नाही, पण ते उपकार यशोदाबाईच्या मनात राहिले.

पंच्याण्णव साली संघानं ती जागा कायमची मागितली आणि सरकारी चौकशी लागली. आदल्या दिवशी शेठ स्वतः पाटीपाशी आले.

"यशोदाबाई, उद्या साहेब विचारतील, इथं कुणाच्या हुकमानं बसता. संघाच्या परवानगीनं, एवढंच सांगा."

"पन शेठ, आमी तर सासूपासून..."

"मला ठाऊक नाही का? पण तसं बोललात तर साहेब अतिक्रमण लिहितील. तुम्ही उठाल, आमचीही मागणी फेटाळली जाईल. जागा संघाची झाली की पहिलं काम तुमच्या पक्क्या ओट्यांचं. वर पत्रा, शेजारी नळ."

शेजारी कोथिंबिरीच्या जुड्या बांधणारी सखुबाई हे ऐकत होती. शेठ गेल्यावर ती म्हणाली, "खोटं कशापायी बोलायचं? ते लिवून घेत्यात."

"शेठ दगा देनार नाय," यशोदाबाई म्हणाली. "माजा भरवसा हाय."

दुसऱ्या दिवशी साहेब आले. गोदामातून खुर्च्या आणल्या, चहा झाला. पहिली हाक यशोदाबाईला. ती बोलली, अंगठा उठवला. तिच्या मागं एकेक बाई तेच बोलत गेली. सखुबाईनं यशोदाबाईकडं एकदा रोखून पाहिलं आणि मग तिनंही शाईत अंगठा बुडवला.

तीन वर्षांनी जागा संघाला मिळाली. गुलाल उधळला, बँड लावला. शेठच्या गळ्यातले हार याच बायकांनी ओवलेले होते. शेठनं आपल्या हातानं यशोदाबाईला पेढा दिला.

मग तारेचं कुंपण पडलं. गोदाम पाडून तीन मजली व्यापारी संकुल उठणार, असा फलक लागला. यशोदाबाईनं ओट्यांचं विचारलं, तर शेठ म्हणाले, "ठराव झालाय हो. नवी पोरं ऐकत नाहीत माझं. दसऱ्याचा झेंडू तेवढा विकून घ्या, मग उठा."

बायका कोर्टात गेल्या. मोफत मिळालेली वकीलबाई मनापासून भांडली. पण संघाच्या वकिलानं यशोदाबाईचा जबाब मोठ्यानं वाचून दाखवला. परवानगी संघानं दिली होती, संघानं काढून घेतली. यात तक्रार कसली, असं तो म्हणाला.

न्यायाधीशांनी विचारलं, "जबाब तुमचाच ना?"

"माजाच. पन खोटा हाय."

"कुणी जबरदस्ती केली होती?"

शेठ मागच्या बाकावर बसले होते. यशोदाबाईनं वळून पाहिलं, तर त्यांनी मान खाली घातली. आता पुन्हा खोटं बोलणं तिच्या जिभेवर येईना.

"नाय," ती म्हणाली. "माजा इश्वास व्हता त्यांच्यावर."

न्यायाधीशांनी 'जबरदस्ती नव्हती' एवढंच लिहून घेतलं.

निकाल संघाच्या बाजूनं लागला त्या दिवशी शेठनं तिला कोर्टाच्या आवारात गाठलं. "मनात ठेवू नका. जिन्याखाली एक लहान गाळा निघतोय. तुमच्यापुरतं मी बघतो."

"आन् बाकीच्यांचं?"

"सगळ्यांचं कसं जमेल?"

"माज्या मालकाला तुमी गाडीतनं नेलं, म्हून मी तुमच्यासाटी खोटं बोलले," यशोदाबाई म्हणाली. "आता ते फिटलं. गाळा तुमचा तुमाला लखलाभ."

गाळा तिनं घेतला नाही. पण शेठशी बोलताना बायकांनी तिला लांबून पाहिलं होतं. संध्याकाळपर्यंत बोभाटा झाला, की गाळ्याच्या लोभानं यशोदानं सगळ्यांचे अंगठे उठवले. संकुल उभं राहिलं, जिन्याखाली मोबाईलचं दुकान आलं, तरी बायकांचा समज बदलला नाही. यशोदाबाई आपली फुलं पहाटे घाऊक बाजारात मिळेल त्या भावानं देऊ लागली.

सखुबाई लेकीकडं सातपूरला गेली होती, एका कारखान्याच्या कँटीनमध्ये चपात्या लाटत होती. यशोदाबाई शोधत शोधत तिच्या खोलीवर गेली. सखुबाईनं चहा केला, कप पुढं ठेवला.

"मला गाळा देत व्हते. मी घेतला नाय, सखू. तुज्या गळ्याची आन."

"घ्यायचा व्हता," सखुबाई म्हणाली. "आमचं तर तू अंगठा दिला तवाच गेलं व्हतं. तुजं तरी झालं असतं."

यशोदाबाईनं चहा कसाबसा संपवला. उठून ती कप विसळायला मोरीकडं निघाली, तर सखुबाईनं तो तिच्या हातातून काढून घेतला.

"राहू दे. आन् आता येत जाऊ नको."