झुपार आपाय आणि हरणाऱ्यांच्या हातची कात्री

आमच्या बर्फाच्या मैदानाभोवती चोवीसशे खुर्च्या आहेत, आणि त्या हिवाळ्यात एका सामन्याला मी एकशे एकसष्ट तिकिटं विकली होती. तिकीट-खिडकीवर मीच बसते, त्यामुळे हा आकडा मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही. त्यातली चाळीस माणसं तरी बाहेर उणे तीस होतं आणि आमच्या कॅन्टीनमध्ये ऊब होती म्हणून आलेली.

आमच्या हॉकी संघाचं नाव कुलान. स्टेपच्या गवताळ माळावरच्या रानगाढवाला आम्ही कुलान म्हणतो. घोड्याच्याही तोंडाला फेस आणील असं ते पळतं. संघाला नाव दिलं तेव्हा सगळ्यांना त्याचा वेग आठवला होता. ओळीनं सतरा सामने हरल्यावर गावाच्या लक्षात फक्त गाढव राहिलं.

या संघाकडे लोकांना ओढून आणायचं काम झुपार आपायचं; वडीलधाऱ्या बाईला आम्ही आपाय म्हणतो, पुरुषाला आगाय. तिच्या दारावर ‘जाहिरात व प्रेक्षक विभाग’ अशी मोठी पाटी होती. आत एक टेबल, एक फोन आणि आपाय, एवढाच विभाग. वय चोपन्न, बांधा ठेंगणा, आवाज मात्र खणखणीत. वीस वर्षं तिनं बालवाडीत पोरांना गाणी शिकवली होती. बालवाडी बंद पडली, त्याच वर्षी नवरा गेला. मग आमचे संचालक तोलेगेन आगाय तिला म्हणाले, ‘तुला अख्खं गाव ओळखतं, ये आमच्याकडे.’ हॉकीतलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. जावई हॉकी खेळतो एवढंच काय ते नातं. मुलगी मेरुएर्त आमच्या संघाच्या दाऊलेतला दिलेली, आणि त्यांना तेरा महिन्यांचा सान्झार. या नातवापायी आपाय नुसती वेडी होती.

फेब्रुवारीत तोलेगेन आगायनी तिला खोलीत बोलावलं. परत आली ती थेट माझ्या खिडकीशी.

“रायखान, हंगामाच्या शेवटच्या सामन्याला आकीमचा नायब येणारेय,” ती म्हणाली. आकीम म्हणजे आमच्या गावाचा सरकारी प्रमुख, संघाचा पैसा त्याच्या हातात. “निम्म्या खुर्च्या भरलेल्या दिसल्या तर पुढचं वर्ष मिळेल. नाही दिसल्या तर संघ बरखास्त.”

“निम्म्या म्हणजे बाराशे,” मी म्हटलं.

“मला आकडे येतात गं. संघ गेला तर दाऊलेत इथे काय करील? त्याला हॉकीशिवाय दुसरं काही येतं का? जाईल कुठेतरी रशियात. आणि जाताना माझं पोर घेऊन जाईल.”

माझं पोर म्हणजे सान्झार, हे मला सांगावं लागलं नाही.

मग तिनं जिवाचं रान केलं. सकाळच्या पाळीला कारखान्याच्या फाटकावर उभी राहून पत्रकं वाटली. शाळाशाळांतून फिरली. एका सामन्याला ‘पहिल्या चारशे जणांना गरम बाऊरसाक’ अशी पाटी लावली आणि चारशे बाऊरसाक, म्हणजे कणकेचे फुगीर गोळे, घरी स्वतः तळले, माझ्या मदतीनं. माझ्या हातावर तेलाचा डाग अजून आहे. लोक आले, बाऊरसाक खाल्ले, पहिल्या डावात तीन गोल खाल्ले गेलेले पाहिले आणि टोप्या घालून घरी गेले.

बाजारात घोड्याचं मांस विकणारा साबित नावाचा एक आहे, जिभेला हाड नाही अशातला. आपायनं त्याच्या हातात दोन फुकट तिकिटं ठेवली.

“फुकट?” साबित म्हणाला. “फुकट तर मी सासूकडेही जातो, आपाय. पण तिथे निदान जेवायला मिळतं.”

“बाऊरसाक देते की.”

“बाऊरसाक खाल्ले मागच्या वेळी. ते चांगले होते. तूच का नाही खेळत?”

मी त्याला चार शब्द सुनावले. आपाय मात्र हसली, तिकिटं त्याच्या काट्याखाली सरकवून पुढच्या दुकानाकडे गेली. अपमान गिळायची तिला सवय झाली होती. मला नव्हती.

सामन्याला दहा दिवस उरले असताना तिला ती कल्पना सुचली. सान्झार सोफ्याला धरून उभा राहत होता आणि एक दिवस त्यानं हात सोडला. मूल पाऊल टाकायला लागलं की आमच्याकडे त्याच्या घोट्यांभोवती काळा-पांढरा पिळलेला दोरा बांधतात, घोड्याला घालतात तसा पायबंद, आणि तो कुणाकडून तरी कापून घेतात. मग मुलाला पांढऱ्या कापडावरून चालवतात, वर मिठाई उधळतात. या सोहळ्याला आजी, आत्या, मावशा, झाडून सगळे येतात.

“एका मुलामागे वीस माणसं,” आपाय म्हणाली. तिचे गाल लाल झाले होते. “साठ मुलं आणली की बाराशे. मधल्या सुट्टीत बर्फावर पांढरं कापड अंथरायचं, रांगेनं पोरं उभी करायची, आणि आपल्या खेळाडूंनी दोरे कापायचे. या गावात त्यांच्याहून चपळ पाय कुणाचे आहेत, सांग?”

मीही मान डोलावली. मला वाटलं, आता जमतंय.

तिनं बालवाडीतली जुनी वही काढली. तिच्याकडे गाणी शिकलेली पोरंपोरी आता आईबाप झाली होती. दोन दिवसांत तिनं त्रेसष्ट घरी फोन केले आणि त्रेसष्ट जण ‘हो’ म्हणाले. आपल्या बाईला नाही म्हणणार कसं? तोलेगेन आगायनी मिठाईची पोती मागवली. आपाय घरी बसून दोरे पिळत होती, एक काळा, एक पांढरा.

तिसऱ्या दिवशी फोन उलटे यायला लागले. पहिला आला तेव्हा मी तिच्या खोलीतच होते. बाईचा आवाज मोठा होता, मला सगळं ऐकू येत होतं.

“आपाय, एक विचारू का? रागावू नका. कापणार नक्की कोण?”

“आपले खेळाडू, पोरी. सांगितलं ना तुला.”

“सासूबाई विचारतायत. सतरा वेळा हरलेले, तेच ना?”

“अगं, हरले तरी पाय बघ त्यांचे.”

“तसं नाही, आपाय. कापणाऱ्याचं नशीब मुलात उतरतं. माझं पोर आयुष्यभर दुसऱ्याच्या मागून धावायला नको हो.”

आपायनं फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. तिचा चेहरा असा उतरला की मी दुसरीकडे बघायला लागले. कापायला हात नशीबवान लागतो, हे आमच्या शेंबड्या पोरालाही माहीत. सासरी कुणाला बोलवायचं आणि कुणाला नाही यावरून बायका वर्षानुवर्षं अबोला धरतात. आणि आम्ही दोघी जाणत्या बायका फक्त पायांचा वेग बघत बसलो. तिला त्या बाराशे खुर्च्यांपुढे दुसरं काही दिसतच नव्हतं. मला का दिसलं नाही, याची मला अजून लाज वाटते.

शुक्रवारपर्यंत त्रेसष्टांचे चार उरले. कुणाच्या पोराला ताप आला होता, कुणाचे पाहुणे येणार होते.

“एकानं आधी केलं की बाकीचे येतील,” आपाय म्हणाली. “आधी सान्झारचं करते. माझ्या नातवाचं केल्यावर कोण बोलेल?”

त्या संध्याकाळी ती मला धरूनच मुलीकडे घेऊन गेली. मेरुएर्तनं दुधाचा चहा ओतला. दाऊलेत जेवत होता; भुवईवर टाके, मान खाली. आपायनं सगळं सांगितलं. मेरुएर्तनं किटली खाली ठेवली.

“नाही, आई.”

“उद्याच्या दिवसावर सगळं आहे गं.”

“असू दे. माझ्या पोराचे पाय त्यात आणू नकोस.”

“आणि कापील कोण? त्याचा बापच कापील. परक्याच्या हाती देतेय का मी?”

“म्हणून तर नको म्हणतेय,” मेरुएर्त म्हणाली, आणि लगेच तिची नजर नवऱ्याकडे गेली.

दाऊलेतनं भाकरीचा तुकडा ताटाच्या कडेला ठेवला. “ती बरोबर बोलतेय, आपाय. माझ्या हातचं काही त्याच्या पायांना नको. मी काल सरावाला जाताना दारातून परत फिरलो होतो. बर्फावर उतरलो की आधीच वाटतं, आज पण हरणार. हे त्याला द्यायचं का?”

सान्झार टेबलाखाली माझ्या बुटाची नाडी ओढत बसला होता. आपाय उठली, कोट घातला, आणि जिन्यात भिंतीला धरून उभी राहिली. “बघितलंस?” ती म्हणाली. “त्यांनाच ते खरं वाटतं. मी लोकांना काय विकत होते, रायखान?” इतकं निराश झालेलं माणूस मी नवऱ्याच्या मयतीतही पाहिलं नव्हतं, तिच्या किंवा माझ्या.

सामना शनिवारी दुपारी दोनला. तीनशे अठ्ठ्याऐंशी तिकिटं गेली. आकीमचा नायब फरची टोपी न काढताच बसला, पहिला डाव अर्धा झाला तेव्हा घड्याळ बघितलं आणि उठला. तोलेगेन आगाय त्याच्या मागे दारापर्यंत धावत गेले. परतताना धावले नाहीत.

सुट्टी झाली. ठरल्याप्रमाणे बर्फावर पांढरं कापड अंथरलं गेलं, कारण नको म्हणून सांगायचं कुणालाच सुचलं नव्हतं. उरलेले चारही आले नव्हते. आपाय कापडाच्या टोकाला उभी, एका हातात कात्री, दुसऱ्यात दोऱ्यांचा गुंता. माईकवरच्या माणसानं दोनदा पुकारलं. कुणी उठलं नाही. तिला हाताला धरून बाहेर आणावं म्हणून मी जिना उतरायला लागले.

तेवढ्यात वरून साबितचा आवाज आला. फुकट तिकीट वापरलं होतं मेल्यानं.

“आपाय, पोरं कसली शोधतेस? आधी तुझ्या गाढवांचे पाय मोकळे कर.”

तीनशे माणसं हसली. आपाय वर बघत राहिली. मग वळली आणि खेळाडूंच्या बाकाकडे बोट केलं. “दाऊलेत, ये इकडे.”

तो आला. सव्वीस वर्षांचा दांडगा गडी, पायात स्केट, वरून हे खोगीर चढवल्यासारखं चिलखत. आपाय त्याच्यापुढे गुडघ्यावर बसली आणि त्याच्या स्केटच्या घोट्यांना दोरा बांधला. लोक अजून हसत होते. तिनं दोन्ही तळवे उघडून आशीर्वाद म्हटला, माईकविना, बालवाडीच्या त्या आवाजात: “तुझे पाय हलके होवोत, बालाम, माझ्या लेकरा. पडलास तर उठवणारं कुणी जवळ असो.” आणि कात्री चालवली. नवरा नाही, नोकरी जायच्या बेतात. तिच्या हाताला कुणी नशीबवान म्हटलं नसतं. पण तेव्हा हसू थांबलं होतं. दाऊलेतनं वाकून तिला उठवलं आणि बराच वेळ तिचा हात सोडला नाही. वरच्या रांगेत मेरुएर्त पोराला घेऊन उभी होती.

शेवटच्या डावात दाऊलेतनं एक गोल केला. आम्ही चार-एकनं हरलो.

सोमवारी संघ बरखास्त केल्याचा कागद आला. आपायच्या दारावरची पाटी त्याच आठवड्यात काढली. दाऊलेतला रशियात, उरल पर्वतापलीकडच्या एका संघात जागा मिळाली, दोन दिवस गाडीनं.

मार्चमधली दुपार होती, फलाटावरचा बर्फ चिखल झालेला. गाडी आमच्याकडे दहा मिनिटं थांबते. दाऊलेत डब्याच्या दारातून पिशव्या आत ढकलत होता. मेरुएर्तनं माझी शाल फलाटावर अंथरून सान्झारला तिच्यावर उभं केलं, पर्समधून काळा-पांढरा दोरा काढून त्याच्या घोट्यांना बांधला आणि नखं कापायची कात्री आईपुढे धरली.

“काप.”

आपाय मागे सरली. “मी नाही गं. मला चार माणसं गोळा करता आली नाहीत. माझ्यामुळे तुम्ही चाललात. माझं ते नशीब याच्या पायात उतरायला नको. तिथं कुणी चांगली बाई बघ.”

“तिथं माझं कोण आहे?” मेरुएर्त म्हणाली. “दाऊलेतचा कापलास ना? त्यानं तो तुकडा पाकिटात ठेवलाय. काप, आई. गाडी सुटेल.”

आपायनं कापला. आधी दोनदा कात्री घसरली. मग ती शालीच्या दुसऱ्या टोकाला गेली, चिखलात उकिडवी बसली आणि दोन्ही हात पसरले. “ये, माझ्या राजा. आजीकडे ये.”

सान्झार डुलत उभा राहिला. तिच्याकडे पाहून हसला. मग डब्याच्या दारात बापाला बघून वळला आणि चालायला लागला. सहा पावलं टाकली, एकदाही पडला नाही. दाऊलेतनं खाली वाकून त्याला आत उचललं.

“चांगला चालतो,” आपाय म्हणाली.

मेरुएर्त चढली, दार लागलं. आपाय तशीच बसून होती, हात पसरलेले. गाडी गेल्यावर मला तिच्या काखेत हात घालून तिला उठवावं लागलं.