पुष्पलताबाईंची पेट्रोल-गॅसची व्हॅन

मी वांगणीच्या शाळेत रुजू झाले तेव्हा पुष्पलताबाई तिथे सहा वर्षांच्या जुन्या होत्या. पाचवी ते सातवीला त्या विज्ञान शिकवायच्या. सासर साखरशेतचं, शेतकऱ्याचं घर. नवरा तुळशीदास जव्हारला सरकारी कचेरीत कारकून, मुलगी हर्षाली जव्हारलाच अकरावीत, आणि घरी सासूबाई, सुकीआजी.

बाईंना एक खोड होती. कुठलीही वस्तू कशी चालते हे कळेपर्यंत त्यांना चैन पडत नसे. शाळेचं बंद घड्याळ त्यांनी तीनदा उघडलं होतं. ते काही चालू झालं नाही, पण का चालत नाही हे त्यांनी आम्हाला व्यवस्थित समजावून सांगितलं.

सकाळी घरातली तिघं माणसं भरभरून नेणाऱ्या वडापच्या जीपमध्ये कोंबून जव्हारला यायची. मी जव्हारलाच राहायचे; तिथून मी आणि बाई एसटीने पुढे, मग फाट्यावर उतरून पाऊण तास पायी. एसटी चुकली तर शाळाच चुकली. २००६च्या दिवाळीनंतर तुळशीदासांनी मनावर घेतलं. जुनी का होईना, घरची गाडी घ्यायची.

त्यांच्या नजरेत एक जीप होती. मोखाड्याच्या मंगळूदादांची, डिझेलवरची, दणकट. "आपल्या डोंगराला जीपच पाहिजे," हे त्यांचं वाक्य आम्ही महिनाभर ऐकलं. पण जव्हारचा कमलेश मेकॅनिक, जो बरीच वर्षं ठाण्याला काम करून परतला होता, त्याच्याकडे एक पांढरी व्हॅन विकायला आली होती. ती पेट्रोलवर चालायची आणि गॅसवरही.

"दोन्हीवर?" बाईंनी विचारलं. "म्हणजे एकदम?"

"एकदम नाही, बाई. एक बंद, तेव्हा दुसरं चालू." कमलेशने स्टिअरिंगजवळचं छोटं बटण दाखवलं. "हे वर केलं की पेट्रोल, खाली केलं की गॅस."

"आणि मधे?"

"मधे काहीच नाही. पेट्रोलवरून गॅसवर जायचं तर आधी मधे ठेवायचं. आत राहिलेलं पेट्रोल जळून जाऊ द्यायचं. गाडी उचकी देते. उचकी आली की खाली करायचं."

उचकी ऐकल्याबरोबर बाईंचे डोळे चमकले. तुळशीदासांनी कपाळाला हात लावला. बायकोला ते चांगलं ओळखत होते.

शेवटी ठरलं की दोन्ही गाड्या दोन-दोन दिवस चालवून बघायच्या. बाईंकडे लायसन होतं. हर्षाली शाळेत असतानाच हौसेने काढलेलं, पण हाती गाडी कधी आलीच नव्हती.

आधी जीप आणली. तुळशीदासांनी ती वांगणीपर्यंत चालवली, थेट शाळेच्या दारात. ओढ्यातले दगड तिने खेळण्यासारखे पार केले. पोरं टाळ्या पिटत मागे धावली. परतीच्या वाटेवर बाई चालवायला बसल्या आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा पडला. सीट पुढे सरकत नव्हती. क्लचपर्यंत पाय पुरेना. पाठीमागे माझी पिशवी ठेवली, तरी पायाची नुसती बोटंच टेकत होती. स्टिअरिंग फिरवताना खांदे भरून आले. अर्ध्या किलोमीटरवर त्यांनी गाडी थांबवली आणि खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सुकीआजीला बाजाराला नेलं. आजी जव्हारला पोचेपर्यंत दोनदा ओकली. "मना त्या डिझेलचा वास नाय सोसत," ती म्हणाली. "मी आपली चालत बरी." तुळशीदास म्हणाले, "आईला रोज कुठे जायचंय?" ते खोटं नव्हतं.

मग व्हॅन. ती बाईंनी स्वतः चालवली. पाय पुरत होते, समोरचा रस्ता पायाखाली असल्यासारखा दिसत होता. सपाटीवर त्यांनी बटण मधे केलं. आम्ही सगळे श्वास रोखून बसलो. गाडीने एक हिसका दिला, दुसरा दिला.

"आली उचकी!" बाई ओरडल्या आणि बटण खाली केलं. गाडी पुन्हा गुमान चालू लागली, जराशा वेगळ्या आवाजात. बाई इतक्या हसल्या की मागे बसलेले तुळशीदासही हसले.

पण फाट्यानंतरच्या चढावर गॅसवरची गाडी दमली. गिअर खाली आणला तरी धापा टाकायची. बाईंनी बटण वर केलं, थोड्या वेळाने पेट्रोल आलं आणि ती चढ चढून गेली. "सपाटीला गॅस, चढाला पेट्रोल," बाई स्वतःशीच म्हणाल्या. ओढ्यापाशी मात्र तिचा तळ दगडावर खरवडला. आम्ही उतरलो, गाडी झाडाखाली ठेवली आणि दहा मिनिटं चालत शाळेत गेलो.

मधल्या सुट्टीत सगळा सातवीचा वर्ग ओढ्यावर. बाईंनी पुढची सीट उचलली. खाली इंजिन.

"बाई, तुम्ही इंजिनवर बसून आलात?" फागी नावाच्या मुलीने विचारलं. "बूड नाय भाजलं?"

"गरम होतं थोडं."

"आणि गॅस कुठंय?"

बाईंनी मागची टाकी दाखवली. फागी टाकीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "हा गॅस जव्हारला मिळतो?"

 इतके दिवस गाडी गॅसवर चालते कशी, हे बाई विचारत होत्या. गॅस भरायचा कुठे, हे विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी कमलेशने खरं ते सांगितलं. "गाडीच्या गॅसचा पंप इकडे नाही. नाशिकला गेलात तर भरा." गॅरेजमध्ये बसलेला एक ओळखीचा माणूस हळूच म्हणाला, "घरच्या सिलिंडरमधून भरून देतो की. नळी लावायची, झालं."

तुळशीदासांनी बाईंकडे पाहिलं. ते विचार करत होते, हे उघड दिसत होतं.

"अहो, हा गॅस हवेपेक्षा जड असतो," बाई म्हणाल्या. "गळला तर वर उडून जात नाही. जमिनीलगत साचून राहतो. मुलांना मी हेच शिकवते. आणि मीच आपल्या पडवीत नळी लावू? हर्षालीला बसवू त्यावर?"

तो माणूस उठून गेला. कमलेशही मान हलवून म्हणाला, "बाई बरोबर बोलतात."

"मग संपलं," तुळशीदास म्हणाले. "गॅस मिळत नाही, ओढा पार होत नाही. जीपच घेऊ."

"जीप कोण चालवणार?"

"मी."

"तुम्हाला दहाला कचेरीत हजर राहायचंय. मला वांगणीला सोडून तुम्ही दहाला पोचाल?"

तुळशीदासांनी हातातल्या घड्याळात पाहिलं.

"म्हणजे मला फाट्यावर सोडणार. पाऊण तासाची चाल तशीच. परत येताना एसटी तशीच," बाई शांतपणे म्हणाल्या. "घरात गाडी येईल, आणि माझा दिवस आहे तसाच राहील. व्हॅन मी चालवू शकते. तुम्हाला नि हर्षालीला जव्हारला उतरवून पुढे जाईन. ओढ्यापासून दहा मिनिटं चालीन."

तुळशीदासांनी व्हॅनचं टायर पायाने दाबून पाहिलं. त्यांना जीप मनापासून आवडली होती. गावात जीपवाला म्हणून मिरवायचंही होतं. मग त्यांनी कमलेशला विचारलं, "ती गॅसची टाकी काढता येते का?"

"येते. पण आरसी बुकातूनही काढून घ्यावी लागेल."

"सगळं रीतसर करा," तुळशीदास म्हणाले. जीपचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही. पहिल्या दिवशी ते डावीकडच्या सीटवर बसले तेव्हा साखरशेतच्या नाक्यावर लोक वाकून बघत होते. त्यांनी सगळ्यांना हात केला, जणू हे गेली दहा वर्षं असंच चाललंय.

टाकी निघाली तेव्हा बाई थोड्या हळहळल्या. बटण मात्र त्यांनी कमलेशकडून मागून घेतलं. दोन महिने ते वर्गात फिरत होतं. पोरांनी त्याचे स्क्रू खोलून आत काय आहे ते पाहिलं.

ती व्हॅन बाईंनी सात वर्षं चालवली. फाट्यावर कुणी ना कुणी उभं असायचंच: दवाखान्याला निघालेली म्हातारी, परीक्षेला जाणारी मुलं, कधी कोंबड्यांची पाटी. पावसाळ्यात गाडी फाट्यालाच राहायची आणि आम्ही चिखलातून चालायचो. तेव्हा तुळशीदास घरी म्हणायचे, "जीप असती तर..." आणि बाई म्हणायच्या, "खरंय." त्यावर भांडण कधी झालं नाही.

तिसऱ्या वर्षीचा एक दिवस मला अजून आठवतो. वांगणीची अंगणवाडीताई बायडी आमच्याबरोबर जव्हारला निघाली होती. नेहमी ती मागे बसायची. त्या दिवशी ती बाईंच्या दाराशी येऊन उभी राहिली.

"बाई, तुम्ही पायाने काय काय करता ते मी रोज बघते. तीन दांड्या आहेत ना? मधली थांबायची."

"हो."

"मना जमंल?"

बाईंनी तिच्या पायाकडे पाहिलं, मग सीटकडे. सीट एक खाच पुढे सरकवली आणि खाली उतरल्या.

"बस. आधी क्लच दाब."

गाडीने तीन हिसके दिले आणि बंद पडली. बायडीने जीभ चावली, किल्ली पुन्हा फिरवली. माझ्या मांडीवरचा हजेरीपटाचा गठ्ठा खाली पडला. चौथ्या खेपेला व्हॅन बैलाच्या चालीने पुढे निघाली आणि बाई तिच्या बाजूने चालत राहिल्या, खिडकीवर हात ठेवून.