मामेसासऱ्यांचं राज्य आणि त्याचा परवाना

स्वतःच्या पैशाने घेतलेली वस्तू वापरता यावी म्हणून एसटीचा एवढा प्रवास केलेला माणूस साऱ्या महाराष्ट्रात दुसरा सापडणार नाही. माझ्या मामेसासऱ्यांनी, म्हणजे बायकोच्या मामांनी, हा विक्रम नवेगाव बांध ते गोंदिया या रस्त्यावर केला, आणि तोही मांडीवर कॉम्प्युटरचा सीपीयू घेऊन. मामींच्या जुन्या लुगड्यात तो ते इतका जपून गुंडाळत, की कोणीतरी हमखास उठून त्यांना जागा देई आणि बाई मागे राहिली का, म्हणून काळजीने विचारी. मामा जागा घेत, पण गैरसमज लगेच दूर करत. "लेकरू नाही, कॉम्प्युटर हाय," ते सांगत. मग जागा देणारा माणूस गोंदिया येईपर्यंत उभ्याउभ्या त्यांच्याकडे पाहत राही.

मामा सरकारी नोकरीत कालव्यावर होते. कोणाच्या वावरात कधी पाणी जायचं, किती वेळ जायचं, हे त्यांच्या सहीने ठरे. निवृत्त झाल्यावर सही गेली, पण तिची सवय राहिली. घरातल्या नातवाने पतंगाला दोरा मागितला तरी ते म्हणत, "अर्ज आन." पोराने पुण्याला जाताना जुना कॉम्प्युटर घरी ठेवला होता. एकदा नागपूरला डोळे तपासायला गेले असताना मामांनी दुकानात एका गेमचं खोकं पाहिलं. खोक्यावर नदी होती, हिरवी शेतं होती आणि मागे भलामोठा किल्ला जळत होता. किल्ल्याकडे मामांचं लक्षच गेलं नाही. "शेतीचा दिसते," म्हणून त्यांनी तो घेतला.

गेम अर्थातच लढाईचा होता. वस्ती वसवायची, धान्य साठवायचं, सैन्य उभारायचं आणि शेजाऱ्याचं राज्य गिळायचं, असा त्याचा एकूण संस्कार. मामांनी पहिल्या दोन गोष्टी केल्या आणि तिथेच थांबले. त्यांच्या राज्यात एकही सैनिक नव्हता. होते ते फक्त शेतकरी, आणि कोणत्या शेतकऱ्याचं पीक केव्हा कापलं याची नोंद शेजारच्या रजिस्टरात. शत्रूने येऊन कोठार जाळलं तर मामा म्हणत, "आला असंन उपाशी," आणि त्यालाच चार गाड्या धान्य पाठवून देत. हा डाव कॉम्प्युटरला कोणी शिकवलेलाच नव्हता. त्याचं सैन्य सीमेवर बराच वेळ बावचळून उभं राही आणि शेवटी तह करून परत जाई. असे बारा तह मामांच्या रजिस्टरात क्रमवार लावलेले मी स्वतः पाहिले आहेत.

पण या रामराज्याला एक शाप होता. गेम बनवणाऱ्या परदेशी कंपनीला असा संशय होता, की आपला गेम जगात सगळे चोरूनच खेळतात. म्हणून तो कॉम्प्युटरवर घालताना एकदा आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी, इंटरनेटवरून कंपनीकडे हजेरी लावावी लागे. हजेरी चुकली की गेमला कुलूप. ही गोष्ट साधारण दोन हजार नऊ-दहाची. मामांच्या गावात नेट नव्हतं. पोराने पाठवलेल्या नेटच्या डोंगलला रेंज मिळे ती फक्त तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, आणि पाळीवर वीज नव्हती. तिथे एका सकाळी मामा डोंगल उंच धरून उभे असताना मासे धरणाऱ्या एकाने नावेतून विचारलं, "साहेब, पाखरं मोजून रायले काय?" त्याच दिवशी मामांनी सीपीयू बांधला आणि गोंदियाला माझ्या घरी आले. माझ्याकडे ब्रॉडबँड होतं. मी वायर जोडली, कंपनीने मामांना ओळखलं, आणि "लागली हजेरी," म्हणत मामांनी मग चहाला हात लावला. तेव्हापासून दर दुसरा रविवार त्यांचा ठरून गेला.

या रविवारांना खरा रंग आणला तो गुड्डूने. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान. वय तिशीचं, बोलणं हिंदीत, आणि हाच गेम तो खेळे तो क्रॅक घालून, म्हणजे कुलूप तोडून, फुकटात. मामा आले की तो दुकानाचं शटर अर्धं ओढून आमच्याकडे येई, आणि माझ्या बैठकीत न्यायालय भरे.

"अंकल, आपने ओरिजनल लिया और बस में धक्के आप खा रहे. मैंने फोकट में लिया और घर बैठ के खेल रहा. अब बताओ, चोर कौन?"

"चोर तू," मामा शांतपणे सांगत.

"फिर कंपनी पीछे आपके क्यों पड़ी है?"

"पोलीस त्यालेच थांबवते जो थांबते," मामा म्हणत. "पळनाऱ्याले कोन थांबवते?"

कुलूप तोडायला मात्र ते कधी तयार झाले नाहीत. त्यांचा राग कंपनीवर होता आणि तो त्यांना रीतसर काढायचा होता. "दुकानदारानं खोकं देलं, मी पैसे देले. वेव्हार संपला. आता घरात बसून काय करून रायले, हे इचारनारा हा कोन?" त्यांनी जावक क्रमांक टाकून पत्र लिहिलं : "विषय : खरेदी केलेला खेळ उघडण्यास वारंवार होणाऱ्या अडथळ्याबाबत." मी त्याचं इंग्रजी केलं आणि जगभरचे खेळणारे जिथे भांडत बसतात त्या कंपनीच्या चर्चापानावर टाकलं. अर्ध्या तासात कोण्या परदेशी माणसाचं उत्तर आलं, अवघी तीन अक्षरं : एल, ओ, एल. मामांनी अर्थ विचारला. तो खो-खो हसतोय हे सांगण्याचं धैर्य मला झालं नाही. "पोच आहे," मी म्हणालो. मामांनी समाधानाने ती पोच वहीत उतरवून घेतली. पुढच्या पत्रावर अशा सात पोचा आल्या, तेव्हा गुड्डूला राहवलं नाही. त्याने खरं काय ते सांगून टाकलं. मामांनी वही मिटली. मग म्हणाले, "हासले तं हासले. वाचलं तं खरं."

याच सुमारास कंपनीने धरण, कालवे आणि तलाव विकायला काढले. मूळ गेममध्ये नद्या होत्या, पण त्या अडवायची सोय नव्हती. ती आता वेगळे पैसे भरून डाउनलोड करून घ्यायची होती. मामांच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, बांधलेल्या. ते खवळून उठले. "आमच्या आज्यानं बोडी खोदली, ते काय गावाले इकली? पानी भरलं, सगळ्याईचा धान झाला. आन् हे राज्य इकते एका खोक्यात, आन् तलाव दुसऱ्या खोक्यात!"

गुड्डूने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा कंपनीची बाजू घेतली. "इसमें नया क्या है, अंकल? सरकार भी तो धरण पहले बनाती है, नहर बाद में आती है."

यावर मामांनी चहाचा कप बाजूला सारला. विकतचं पाणी आपल्या राज्यात येणार नाही, अशी त्यांनी आम्हा दोघांसमक्ष घोषणा केली. त्यानंतरच्या रविवारी गुड्डू यायच्या आधी त्यांनी मला आतल्या खोलीत बोलावलं आणि हळूच म्हणाले, "जवाईबापू, तुमचं ते कार्ड हाय ना? ते धरनवालं घेऊन टाका. गुड्डूले सांगू नका." मी घेऊन टाकलं. पण तळं लपवायचं कुठे? गुड्डू आला, पडद्यावर निळंशार पाणी पाहून थबकला.

"अंकल, ये तालाब कहाँ से आया?"

"खोदला," मामा म्हणाले.

त्या तळ्यावर मामांचा फार जीव जडला. आणि उन्हाळ्यातल्या एका वादळात गावात वीज पडली, कॉम्प्युटरचा आतला बोर्ड जळाला. मामांनी सीपीयू गोंदियाला आणला, आम्ही बोर्ड बदलला, गेम पुन्हा घातला, आणि पडद्यावर पाटी आली : तुमच्या परवानग्यांची मर्यादा संपली आहे. बोर्ड बदलल्यामुळे कंपनीला हा कोणी नवाच माणूस वाटला होता, आणि एका खोक्यावर दुसऱ्या माणसाला परवानगी नव्हती. बारा तह, एवढी शेतं आणि ते तळं कुलपात गेलं.

त्या दिवशी मामांबरोबर त्यांच्या गावचा दसरू आला होता. धानाच्या शेतातली त्याची पाणी उपसायची मोटार बिघडली होती, ती त्याला गोंदियाला दुरुस्तीला द्यायची होती. तो भिंतीला टेकून माझ्या बायकोने दिलेला चिवडा खात होता. मामा पडद्यावर ओरडत होते. "मी कोन हाय, हे मले इचारून रायला! सगळे कागद हाय माह्याजवळ! पावती हाय!" गुड्डू सांगत होता, "अब तो क्रॅक डालो, अंकल."

"साहेब, एक इचारू काय?" दसरू मध्येच म्हणाला.

"इचार."

"तुमी बी तं असंच करत होते ना." त्याच्या आवाजात राग नव्हता. "पानी आमच्या वावराच्या धुऱ्याबांधावरून जाये. पन तुमची सही पाह्यजे. सहीले आलो का तुमी म्हना, फारम चुकला, उद्या ये. तुमचं हापिस तं गावापासून आठ कोस. एका साली तीनदा आलो. तवरोक धान वाळून गेला."

गुड्डूने माउसवरचा हात काढून घेतला.

"कोन्या सालची गोष्ट?" मामांनी विचारलं.

"आता साल कायले पाह्यजे, साहेब," दसरू म्हणाला आणि उरलेला चिवडा संपवायला लागला.

मामांनी कॉम्प्युटर तसाच सोडला आणि चपला घातल्या. दसरूबरोबर ते मोटारीच्या दुकानात गेले, दुरुस्ती होईपर्यंत त्याच्या शेजारी बाकावर बसले, आणि परतताना ती जड मोटार दोघांनी मिळून बसमध्ये चढवली. हे मला गुड्डूने सांगितलं. तो त्यांच्या मागोमाग गेला होता.

आठवडाभराने मामांचं पत्र टपालाने आलं. त्यावर प्रथमच जावक क्रमांक नव्हता. "हे इंग्रजी करून त्या कंपनीला पाठवा," असं वर लिहिलं होतं. खाली मजकूर असा : "मीही पूर्वी असाच परवाना देत होतो. नियम खोटा नव्हता. पण समोरचा माणूस किती लांबून आला, हे मी कधी विचारलं नाही. तुम्ही विचारत जा." मी शब्दाला शब्द लावून त्याच चर्चापानावर टाकलं. या वेळी एकही पोच आली नाही. कोणीतरी एवढंच लिहिलं, "तुम्ही किती लांबून येता?" मामांनी त्याला बसचे सगळे थांबे कळवले. तीन दिवसांनी कुलूप निघालं. पत्रामुळे निघालं की कंपनीच्या कारकुनाने नेहमीचं बटण दाबलं, देव जाणे. मामी मात्र पुढे सांगत होत्या, की मामा आता रोज सकाळी ओट्यावर बसून लोकांचे अर्ज भरून देतात. फॉर्म चुकला की आधी चिडतात, आणि मग स्वतःच जाऊन नवा आणतात.

वर्षभरानंतर कंपनीने ती सक्तीची हजेरीच रद्द केली. जगभर एवढी बोंबाबोंब झाली होती, की तिचा नाइलाज झाला. गुड्डूने गल्लीत पेढे वाटले. त्याला स्वतःला त्यातून काहीच मिळालं नव्हतं, तरी वाटले. मी मामांना फोन केला. "बरं झालं," ते म्हणाले, आणि फोन ठेवून दिला.

ठरलेला रविवार आला आणि गेला. त्यानंतरचाही गेला. गुड्डू दोनदा येऊन बैठकीत डोकावला, चहा पिऊन गेला. "अंकल नहीं आए?" त्याने विचारलं, जणू ते का येत नाहीत, हे त्याला माहीतच नव्हतं. शेवटी धान कापणीच्या दिवसांत आम्ही दोघंच बसने मामांकडे गेलो. मामींनी तलावातले मासे केले होते. कॉम्प्युटरवर स्वच्छ धुतलेलं फडकं होतं.

"खेलते नहीं क्या, अंकल?" गुड्डूने विचारलं.

"उघडते आता," मामा म्हणाले. "बोट लावलं का उघडते. कोनी काई इचारत नाही." ते पुढे म्हणाले, "आधी कसं, पंधरा दिवस झाले का कोनीतरी आपल्याले इचारे."

गुड्डूने मग मुद्दाम भांडण उकरून काढलं. कंपनी आता नवा गेम आणते आहे, त्यात तर पाऊससुद्धा विकत घ्यावा लागणार, असं त्याने ठोकून दिलं. मामा ताटावरून अर्धे उठले. दोघं तासभर भांडले. मामींनी दोनदा भात वाढला तो त्यांना कळलाही नाही.

निघताना मामा स्टॉपवर आले. बसला उशीर होता, आणि त्याबद्दल ते आमची माफी मागत राहिले. बस आली तेव्हा त्यांनी गुड्डूचा दंड धरून विचारलं, "आता कवा येता?"

"जल्दी आते हैं, अंकल," गुड्डू म्हणाला. मीही मान हलवली. तेव्हा आम्ही दोघंही अगदी खरं बोलत होतो.