स्टेशनासाठी लावलेला कौल

रत्नागिरी स्टेशनचं रूप नुकतंच पालटलंय. समोरचा भाग इतका देखणा झालाय की ज्यांना कुठेही जायचं नसतं तेसुद्धा मुलाबाळांना घेऊन फोटो काढायला येतात. परवा एक अनोळखी बाई मला म्हणाली, "काय झकास झालंय ना आपलं स्टेशन!" मी म्हटलं, "झालंय खरं." आपलं म्हणायचा तिलाही हक्क आहेच. तिच्या घरची सात हापूसची कलमं त्यासाठी तुटली नाहीत, एवढाच काय तो फरक.

आमची तुटली. जमीन मोजणारे लोक खुंट्या मारायला आले तेव्हा आजूबाजूचे शेजारी कुऱ्हाडी घेऊन धावायच्या बेतात होते, आणि आमचे बाबा त्यांना कोकम सरबत पाजत होते. तोवर आमच्या गावाचं दार म्हणजे एसटी स्टँड. मुंबईला जायचं म्हणजे घाटाघाटात ओकत जायचं. बाबा म्हणायचे, "गाडी आली की गाव मोठं होईल." झालंही. खोटं कशाला बोलू? ज्या कातळावर पावसाळ्यात चार गुरं चरायची तिथे आता लिफ्टवाल्या इमारती आहेत. समुद्राकडे तोंड करून बसलेलं शहर हळूहळू वळलं आणि स्टेशनकडे बघायला लागलं. सकाळी मुंबईत डॉक्टरला दाखवून माणूस त्याच दिवशी परत यायला लागला. बाबांचं गणित बरोबर होतं, फक्त त्यात मी नव्हते.

जमीन गेलेल्या घरातल्या एकाला नोकरी मिळेल, असं तेव्हा सांगितलं होतं. एकालाच. आम्ही दोघं. मी बी.कॉम. पहिल्या वर्गात झालेली, आणि माझ्याहून दोन वर्षांनी लहान भाऊ बारावीची दुसरी वारी करून कसाबसा पलीकडे गेलेला. मला ती नोकरी हवी होती. नुसती हवी नव्हती, मी तिच्यासाठी आसुसले होते. तिकीट खिडकीच्या आतल्या बाजूला बसायचं, समोरच्या रांगेला "पुढे या" म्हणायचं, याची स्वप्नं बघत होते. अर्जही मीच लिहिला होता. फक्त नावाची जागा कोरी ठेवली होती, कारण बाबा म्हणाले, "आपण देवाला विचारू."

आमच्याकडे देवाला विचारायचं म्हणजे कौल लावायचा. गुरव देवाच्या उजव्या आणि डाव्या अंगाला फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो, आणि जी कळी आधी सुटून पडेल ते देवाचं उत्तर. पेरणी असो, सोयरीक असो, हरवलेली गाय असो, कौलाशिवाय पान हलत नाही. उजवी पडली तर मी, डावी पडली तर भाऊ, असं ठरलं. देवळात बाबा आणि भाऊ गेले. बायकांनी त्या वेळी गाभाऱ्याजवळ जायची पद्धत नव्हती.

परत आल्यावर बाबांनी सदरा खुंटीला अडकवला आणि म्हणाले, "डावी पडली."

त्या कोऱ्या जागेत भावाचं नाव मी माझ्या हाताने लिहिलं. बाबा म्हणाले, अक्षर सुंदर आहे हो तुझं. मी रडले, पण रागावले नाही. रागावणार कुणावर? बाबांनी ठरवलं असतं तर मी घर डोक्यावर घेतलं असतं. देवापुढे काय बोलणार?

भावाला नोकरी लागली. तीन-चार वर्षं इथे काढून त्याने बदली करून घेतली आणि नवी मुंबईत फ्लॅट घेतला. मी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत आंब्याचा रस डबाबंद करणाऱ्या कारखान्यात कामगारांची हजेरी लिहिली, अठ्ठावीस वर्षं. लग्नाचं बघायचं तेव्हा बाबा अंथरुणाला खिळले, मग ते राहूनच गेलं. आता घरी आई आणि मी. भाऊ गणपतीला येतो, पाच दिवस राहतो आणि जाताना प्लॅटफॉर्मवर पोरांना दाखवतो, "इथे आपली कलमं होती." दाखवतो तीही चुकीची जागा.

यंदा त्यांची गाडी सुटल्यावर मी परत वळले, तर बाकावर आमच्या देवळातला म्हातारा गुरव बसलेला. लेकीकडे चिपळूणला निघाला होता.

"भावाला पोचवायला आलीस गो?"

"हो काका."

"गेला ना? जायचाच तो. देवाच्या मनात तो नव्हताच."

मला वाटलं, वयाने भ्रमलाय. विचारलं, "म्हणजे काय?"

"म्हणजे काय म्हणजे? कळ्या मीच लावल्या व्हत्या. पयल्यांदा उजवी सुटली. तुज्या बापसानं परत लावायला सांगितलान. परत उजवीच. तिसऱ्या येळेला त्यानं उजवीकडं कळी लावूच दिलीन नाय."

मी विचारलं, "आणि भाऊ?"

"बाजूलाच उभा व्हता, हात जोडून."

तेवढ्यात त्याची गाडी लागली. त्याची पिशवी मीच डब्यात चढवली. तो खिडकीतून बरं बरं म्हणत राहिला.

रिक्षा न करता चालत घरी आले. आई पडवीत वालाचं बिरडं सोलत बसली होती. मी चप्पलही न काढता विचारलं, "कौल माझा होता. तुला माहीत होतं?"

"व्हतं," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"इतकी वर्षं? सांगितलं का नाहीस?"

तिने सोललेले वाल ताटात टाकले. मग शांतपणे, भाजीचं सांगावं तसं सांगितलं, "ते देवळात गेले, पण देवाला विचारायला नव्हे गो. नाव आदल्या दिवशीच ठरलं व्हतं. आमी सांगितलं असतं तर तू भांडली असतीस. देवाचं म्हटल्यावर गप बसशील, म्हणून देवाचं नाव घेतलं."

भांडले असते. खरंच भांडले असते.